टॉनिकनं मणी खरंच फुगतो का? आपल्याच बागेत प्रयोग करून कसं ठरवायचं

येरळाकाठ

नमस्कार मंडळी. द्राक्षबाग तासगाव तालुक्यात आहे. दोन एकर तास-ए-गणेश जात, डॉगरिजच्या मुळखुंटावर कलम केलेली, ९ बाय ५ फूट अंतर, वाय आकाराच्या मांडवावर. माल बहुतेक बेदाण्याला जातो. ऑक्टोबर छाटणी तोंडावर आली आहे.

प्रश्न असा. समुद्री शेवाळाच्या अर्काचं एक टॉनिक दुकानदार सुचवतोय. तीन फवारण्या घ्यायच्या, मणी जाड होतो आणि साखर लवकर भरते असं सांगतो. शेजारच्या बागेत गेल्या साली मारलं होतं, माल चांगला निघाला. पण गेल्या साली हवामानच चांगलं होतं, न मारलेल्या बागाही चांगल्या निघाल्या. टॉनिक स्वस्त नाही. दोन्ही एकरांवर मारायच्या आधी ते काम करतं का हे मला स्वतः बघायचं आहे. ओढ्याकडच्या एकरावर मारावं, वरच्या एकरावर मारू नये आणि काढणीला वजन बघावं असा विचार आहे. एवढं पुरेल का?

अग्रणीपार

पुरंल की. आम्ही बी असंच बघतो. निम्म्याला मारायचं, निम्मं सोडायचं. फरक असला तर नुसत्या डोळ्यांनी दिसतोय.

हिशेबनीस

येरळाकाठ दादा, प्रश्न फार चांगला विचारलात. फवारणीच्या आधी विचारलात हे त्याहून चांगलं केलंत. काढणीनंतर विचारला असतात तर मला काहीच सांगता आलं नसतं.

पण ओढ्याकडची एकर आणि वरची एकर अशी वाटणी करू नका. कारण तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. ओढ्याकडं माती खोल, वर मुरूम लवकर लागतो. ओल वेगळी, सकाळचं दव वेगळं, डाऊनी (बुरशीचा रोग) सुद्धा आधी खालच्या अंगाला दिसते. टॉनिकच्या जागी साधं पाणी मारलं तरी या दोन एकरांचं वजन सारखं येणार नाही. मग काढणीला जो फरक दिसेल तो टॉनिकचा की जमिनीचा, हे कुणीच सांगू शकणार नाही. अख्खा हंगाम घालवून हातात काही येणार नाही.

तुलना अशा दोन तुकड्यांत हवी की ज्यांच्यात टॉनिक सोडून बाकी सगळं शक्य तितकं सारखं आहे. बागेत असे तुकडे शेजारी शेजारीच सापडतात. म्हणून जोड्या करा. ओढ्यापासून वरपर्यंत बागेचे आठ पट्टे पाडा. प्रत्येक पट्ट्यात एकमेकांना लागून दोन तुकडे घ्या. एकाला टॉनिक, दुसऱ्याला नाही. खालची जोडी खालच्या मातीत, वरची जोडी मुरमाड अंगाला. जमिनीचा फरक मग जोड्याजोड्यांत राहतो, जोडीच्या आत फारसा येत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. जोडीतल्या कुठल्या तुकड्याला टॉनिक द्यायचं हे तुम्ही ठरवायचं नाही. नाणं उडवायचं. छापा पडला तर डावीकडचा तुकडा, काटा पडला तर उजवीकडचा. प्रत्येक जोडीसाठी वेगळं नाणं उडवायचं, पडलं ते लगेच वहीत लिहायचं आणि नंतर बदलायचं नाही.

काळीमाती

सर, एक शंका. नाणं कशाला? आपली बाग आपल्याला वेलीनिशी माहिती असते. दोन सारखे तुकडे निवडून एकाला मारलं की झालं.

हिशेबनीस

बाग वेलीनिशी माहीत असते म्हणूनच नाणं लागतं. दोन तुकडे तुम्हाला 'सारखे' वाटले तरी त्यातला कुठला थोडा उजवा आहे हे तुमच्या डोळ्यांना आधीच कळलेलं असतं. औषधावर विश्वास असलेला माणूस नकळत उजव्या तुकड्याला औषध देतो. कुणी दुबळ्याची कीव येऊन दुबळ्याला देतो. दोन्हीकडून निकाल वाकडा होतो आणि किती वाकडा झाला ते मोजता येत नाही. नाण्याला बाग माहीत नसते. तुम्हाला दिसलेले आणि न दिसलेले, मुळाखालच्या खडकापर्यंतचे सगळे फरक ते कुठल्याच बाजूला झुकू देत नाही. उरतो फक्त योगायोग, आणि योगायोगाचा हिशेब करता येतो.

शेतीच्या प्रयोगांत ही चिठ्ठ्या टाकण्याची रीत संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांनी इंग्लंडमधल्या रॉथमस्टेडच्या शेती संशोधन केंद्रात १९२० च्या दशकात बसवली. तिथंही अडचण हीच होती. एकाच शेताच्या दोन कोपऱ्यांत जमीन सारखी नसते.

योगायोगाचा हिशेब असा. समजा टॉनिक निव्वळ पाणी आहे. तर प्रत्येक जोडीत टॉनिकवाला तुकडा सरस ठरण्याची शक्यता निम्मी. आठच्या आठ जोड्यांत तोच सरस येण्याची शक्यता २५६ मध्ये १. आठपैकी सात किंवा जास्त जोड्यांत येण्याची २५६ मध्ये ९, म्हणजे शंभरात तीन-चार. पण आठपैकी सहा किंवा जास्त म्हणाल तर २५६ मध्ये ३७, म्हणजे साधारण सातात एकदा नुसत्या पाण्यानंही तसं दिसेल. सहा जोड्या जिंकल्या म्हणून दोन एकरांचं टॉनिक विकत घेऊ नका.

दोनच जोड्या केल्यात तर? दोन्ही जिंकल्या तरी चारात एकदा ते पाण्यालाही जमतं. निम्मी-निम्मी बाग म्हणजे तर एकच जोडी झाली. अग्रणीपार, तुमच्या पद्धतीत हीच अडचण आहे.

अग्रणीपार

हे पटलं सर. एकच जोडी म्हंजे एकच नाणं. हे कुणी असं सांगितलंच नव्हतं.

मग मला दुसरं विचारायचंय. कंपन्या रस्त्याकडंला प्रात्यक्षिक प्लॉट करत्यात, बोर्ड लावत्यात, आपण बघाय जातो. त्याला काय म्हणायचं?

हिशेबनीस

तिथं तीन प्रश्न विचारायचे. न मारलेला तुकडा कुठं आहे? कुठल्याला मारायचं ते कुणी आणि कसं ठरवलं? अशा किती जागी करून बघितलं, आणि जिथं फरक पडला नाही त्या जागा कुठं आहेत? तिन्हींची उत्तरं मिळाली तर तो प्रयोग. नाहीतर ती एक चांगली पिकलेली बाग आहे. त्यातून औषधाबद्दल काही कळत नाही.

येरळाकाठ

सर, मनापासून आभार. एक अडचण आहे. आमच्याकडं फवारणी ट्रॅक्टरच्या ब्लोअरनं होते. शेजारच्या ओळीवर औषध उडणारच. तुकडे लागून असले तर न मारलेल्यावरही थोडं जाणार.

हिशेबनीस

अगदी नेमकं पकडलंत. प्रयोगाच्या फवारण्यांपुरती एचटीपी पंपाची हातातली गन वापरा आणि सकाळी वारा पडलेला असताना मारा. शिवाय कडेच्या वेली मोजणीत धरू नका. तुकडा तीन ओळी रुंद आणि आठ वेली लांब घ्या, २४ वेलींचा. मोजायची फक्त मधली ओळ, त्यातही दोन्ही टोकांची एकेक वेल सोडून. राहिल्या सहा वेली. १६ तुकड्यांच्या मिळून ३८४ वेली प्रयोगात जातील. ९ बाय ५ ला एकरी सुमारे ९६८ वेली बसतात, म्हणजे तुमच्या दोन एकरांचा पाचवा हिस्सा. मोजाव्या लागतील फक्त ९६.

या कडेच्या गोष्टीवरून आपल्या भागातल्या एका माणसाची आठवण काढल्याशिवाय राहवत नाही. पांडुरंग वासुदेव सुखात्मे, जन्म १९११, सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे. लंडनला संख्याशास्त्राचा अभ्यास करून परतले आणि देशात पिकाचं उत्पादन किती येतं हे मोजण्याच्या कामाला लागले. गावं चिठ्ठ्या टाकून निवडायची, त्यातली शेतं चिठ्ठ्या टाकून निवडायची, शेतातला एक तुकडा चिठ्ठीनंच निवडून तेवढाच कापायचा आणि वजन करायचं, अशी ती पीक कापणी प्रयोगाची पद्धत. आज पीक विम्याच्या निमित्तानं आपल्या तोंडी असलेला 'पीक कापणी प्रयोग' त्याच परंपरेतला. तेव्हा वाद होता तुकडा केवढा घ्यायचा यावर. संख्याशास्त्रज्ञ प्रशांतचंद्र महालनोबीस लहान तुकड्यांच्या बाजूचे होते, काम झटपट होतं म्हणून. सुखात्म्यांनी लहान आणि मोठे तुकडे प्रत्यक्ष कापून ताडून बघितले. लहान तुकड्यांवरून काढलेलं उत्पादन जास्त येत होतं. कारण रेषेवर जे रोप येतं ते कापणारा माणूस बहुधा आत धरतो. तुकडा लहान असला की त्याच्या मानानं कड मोठी असते, म्हणून चूक फुगते. १९४६ मध्ये त्यांनी हे 'नेचर' या नियतकालिकात मांडलं. यात कापणाऱ्याचा लबाडीचा हेतू नव्हता. तरी आकडा एकाच बाजूला सरकत होता, आणि कितीही जास्त तुकडे कापले तरी तो सरकलेलाच राहिला असता.

पुढं ते संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेत संख्याशास्त्राचे प्रमुख झाले, १९७१ ला पद्मभूषण मिळालं. खटाव-माणच्या माळावरच्या मुलांना हे नाव माहीत असायला हवं असं मला फार वाटतं.

विज्ञानताई

मी पलूस तालुक्यात माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. सुखात्म्यांबद्दल वाचून खरंच आनंद झाला, उद्याच वर्गात सांगते. 'प्रयोग' म्हटलं की मुलांना लाल लिटमस आणि बनसेन बर्नर आठवतो. उत्तर आधीच पुस्तकात छापलेलं असतं, मुलं तेच वहीत उतरवतात. ज्याचं उत्तर शिक्षकांनाही माहीत नाही असा प्रश्न त्यांच्यापुढं क्वचितच येतो.

मी त्यांना जहाजावरच्या डॉक्टर जेम्स लिंडची गोष्ट सांगते. १७४७ साली स्कर्व्ही (क जीवनसत्त्वाच्या अभावाचा रोग) झालेल्या बारा खलाशांच्या त्यानं दोन-दोनच्या सहा जोड्या केल्या. सगळ्यांना एकाच जागी ठेवलं, जेवण एकच, आणि प्रत्येक जोडीला वेगळा उपाय. संत्री-लिंबं मिळालेले दोघं झपाट्यानं सुधारले. 'बाकी सगळं सारखं, एकच गोष्ट वेगळी' हे मुलांना यातून पटकन कळतं.

येरळाकाठ दादा, एक विचारू का? तुमचे मणी आमच्या नववीच्या मुलांनी मोजले तर चालेल का? राष्ट्रीय बाल विज्ञान परिषदेसाठी आम्ही प्रकल्प शोधतोच आहोत.

हिशेबनीस

ताई, दादांनी हो म्हणावं अशी माझी विनंती, कारण याची प्रयोगाला गरजच आहे. शेवाळाच्या अर्काचा रंग तपकिरी असतो, त्यामुळे फवारणाऱ्याला कुठं काय मारलं ते कळणारच. निदान मोजणाऱ्याला ते कळता कामा नये. ज्याला टॉनिक जिंकावंसं वाटतं त्याच्या हातात मोठा मणी आधी येतो. जाडी मोजायच्या व्हर्नियरचा काटा दोन रेषांच्या मध्ये असला की तो वरची रेष वाचतो. मुलांना फक्त आकडे घातलेल्या पिशव्या द्या. कुठला आकडा कुठल्या तुकड्याचा ही यादी घरातल्या एकाच माणसाकडं, पाकिटात बंद. मोजणी संपून वही लिहून झाल्यावरच पाकीट उघडायचं.

मुलांना बागेत मात्र नेऊ नका. औषधांची काढणीपूर्व मुदत संपलेली असली तरी नको. मणी तोडून, धुऊन शाळेत पाठवा.

येरळाकाठ

ताई, आनंदानं. माझा पुतण्या तुमच्या शेजारच्याच गावात शिकतो, तो पिशव्या पोचवेल.

आता मोजायचं काय? मण्याची जाडी, लांबी, घडाचं वजन, ब्रिक्स (साखरेचं प्रमाण), एकरी वजन, बेदाण्याचा उतारा, सगळंच मोजावंसं वाटतंय.

हिशेबनीस

मोजा सगळं, पण निकाल कशावर द्यायचा ते आत्ताच एक ठरवा. दहा गोष्टी मोजल्या तर त्यातली एखादी नुसत्या योगायोगानं टॉनिकच्या बाजूनं झुकतेच, आणि आपलं मन तेवढीच लक्षात ठेवतं. दुकानदार 'मणी जाड होतो' म्हणतो ना? मग निकाल मण्याच्या जाडीवर. बाकीचे आकडे पुढच्या सालच्या प्रश्नासाठी.

मणी घेताना हात चांगल्या घडाकडं जातो, तो थांबवावा लागतो. वेलीवरचे घड एका टोकाकडून मोजा आणि तिसरा व सातवा घड घ्या, तो कसाही असो. घडाच्या खांद्याचे, मधले आणि शेंड्याचे मणी घ्या, कारण साखर आणि आकार तिन्ही ठिकाणी वेगळे असतात. आधी ठरवलेली जागा सोडायची नाही.

काळीमाती

घडसंख्येचं कुणी बोललं नाही. वेलीवर घड कमी ठेवले की मणी आपोआप फुगतो, टॉनिक असो नसो. घडातले मणी काढून विरळणी करतात, तिलाही तेच. आमच्याकडं विरळणीला बायकांची टोळी येते. एका टोळीचा हात जड, दुसरीचा हलका. जीएचं (जिबरेलिक ॲसिड) डिपिंग, म्हणजे त्याच्या द्रावणात घड बुडवणं, कुणी मणी तीन-चार मिलिमीटरचा असताना घेतं, कुणी दोन दिवस उशिरा. या तिन्हींचा फरक टॉनिकपेक्षा मोठा पडेल.

हिशेबनीस

काळीमाती, या धाग्यातली सगळ्यात मोलाची सूचना ही आहे. मी गणित सांगू शकतो, पण मण्याच्या आकारावर कशाकशाचा हात असतो हे बागेत उभा असलेला माणूसच सांगणार. दादा, प्रयोगातल्या सगळ्या वेलींवर घडसंख्या सारखी ठेवा. एका जोडीतले दोन्ही तुकडे एकाच दिवशी, एकाच टोळीकडून विरळून घ्या. डिपिंगही जोडीनं, एकाच द्रावणात. उद्या टोळी बदलली तर जोडीच्या मध्ये बदलू नये, जोडी संपल्यावर बदलावी. टॉनिक कुठं मारलंय हे टोळीलाही सांगू नका. आणि न मारलेला तुकडा कोरडा ठेवायचा नाही. त्याला त्याच दिवशी तेवढंच पाणी, बाकीची औषधं तीच, फक्त टॉनिक नाही.

काळीमाती

मान्य. पण माझी मूळ शंका अजून आहे, राग मानू नका. आमचे वडील-आजोबा असले प्रयोग न करताच बागा पिकवत होते. निरीक्षणावर. तास-ए-गणेश ही जातच एका बागायतदाराच्या नजरेतून आली की.

हिशेबनीस

राग कसला, उदाहरण उत्तम दिलंत. तासगाव तालुक्यातल्या बोरगावच्या वसंतराव आर्वे यांनी थॉमसन सीडलेस या जातीतून ही निवड केली. त्या नजरेला माझा नमस्कार. पण पुढं काय झालं तेही बघा. वेगळेपण दिसलं, ही झाली सुरुवात. ते जमिनीचं, खताचं, त्या एका सालाचं की वेलीच्या अंगचं, हे त्या काड्या दुसऱ्या जमिनीत, दुसऱ्यांच्या बागेत लावल्यावर आणि तिथंही गुण टिकल्यावर कळलं. टिकला नसता तर ती जात म्हणून आज तुमच्या बागेत नसती. निरीक्षणातून प्रश्न मिळतो. उत्तरासाठी तुलना लागतेच, मग ती कुणी वहीत करो की वीस गावांच्या बागांत होवो.

आणि नुसत्या आठवणीवर सालाची सालाशी तुलना तर आपल्या भागात करूच नये. २०१९ चा ऑगस्टमधला महापूर आणि त्यानंतरचा ऑक्टोबर-नोव्हेंबरचा पाऊस आठवा. त्या साली डाऊनीनं मार खाल्लेल्या बागेत पुढच्या साली काहीही मारलं असतं तरी 'फरक पडला' असंच दिसलं असतं. माणूस नवीन औषध वाईट सालानंतरच शोधतो, आणि वाईट सालानंतरचं साल बहुधा बरंच असतं.

विज्ञानताई

हे शेवटचं वाक्य मी फळ्यावर लिहिणार आहे. तापावरच्या गंड्यादोऱ्यालाही हेच लागू. ताप अगदी चढल्यावर दोरा बांधतात, आणि चढलेला ताप बहुतेक वेळा उतरणारच असतो.

येरळाकाठ

ठरलं ते लिहून टाकतो, म्हणजे नंतर मलाच फिरवता येणार नाही.

आठ जोड्या, ओढ्यापासून वरपर्यंत. तुकडा २४ वेलींचा, मोजायच्या मधल्या सहा. नाणं पुतण्या उडवेल, यादी त्याच्या आईकडं पाकिटात. फवारणी गननं, न मारलेल्याला तेवढंच पाणी. घडसंख्या, विरळणी, डिपिंग जोडीनं सारखं. निकाल मण्याच्या जाडीवर, मोजणार ताईंची मुलं. आठपैकी सात किंवा आठ जोड्या टॉनिकच्या बाजूनं आल्या तरच 'फरक आहे' म्हणायचं. आणि तसं आलं तरी जाडीतला सरासरी फरक मालाला वरची प्रत मिळवून टॉनिकचा खर्च काढतो का, हा हिशेब वेगळा करायचा. सहा किंवा त्याहून कमी आल्या तर दोन एकरांवर मारायचं नाही, हवं तर पुढच्या साली जोड्या वाढवून परत बघायचं. निकाल काहीही आला तरी इथं टाकणार.

हिशेबनीस

यात मला काही बदलायचं नाही. 'निकाल काहीही आला तरी टाकणार' याबद्दल विशेष आभार. फरक पडला नाही असे निकाल कुणी सांगत नाही, म्हणून प्रत्येक गावात तेच टॉनिक नव्यानं विकत घेतलं जातं. डब्यावरचं लेबल आणि बॅच नंबर यांचा फोटो काढून ठेवा. २०२१ पासून अशी जैव उत्तेजकं खत नियंत्रण आदेशाखाली आली आहेत, त्यामुळे आत काय आहे ते लेबलवर असायला हवं.

अग्रणीपार

दादा, तुकड्यांच्या खुणा कशा करणार? चिठ्ठ्या बांधल्या तर औषधाच्या पाण्यानं चार दिवसात पुसत्यात. खांबाला ऑईल पेंटनं आकडे घाला. आणि एक, फवारलं आणि तासाभरात पाऊस आला तर?

येरळाकाठ

पेंटचं ध्यानात ठेवतो. पावसाचं सर सांगतील.

हिशेबनीस

सगळ्या जोड्यांवर फवारणी पुन्हा घ्यायची, न मारलेल्या तुकड्यांवर पाण्याचीही पुन्हा, आणि तारीख-वेळ वहीत. धुऊन गेलेल्या चारच जोड्यांवर परत मारलं आणि बाकी तशाच ठेवल्या असं नको. पाऊस चालू असताना निम्म्या जोड्या झाल्या असतील तर तिथंच थांबा, उरलेल्या दुसऱ्या दिवशी घ्या. फक्त अर्धी जोडी ठेवून घरी जाऊ नका.